चुंबक उतरलं नाही, कॉइल तापली आहे

कोल्हापुरातल्या एका तालीम मंडळाच्या भजनी मंडळींचा प्रश्न थोडक्यात असा आहे. हॉल ३० बाय १५ फुटांचा, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. ८ ओहमचे दोन बॉक्स, प्रत्येकात १२ इंची स्पीकर आणि एक ट्विटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर. ॲम्प्लिफायर २५० वॅटचा, मधे २० मीटर वायर. पखवाज घुमतो पण बोल उमटत नाहीत, अभंगाचे शब्दही मागे बसलेल्याला कळत नाहीत. तासाभरात आवाज 'बसतो', मग व्हॉल्यूम वाढवावा लागतो. वर्षात दोनदा कॉइल जळाली, ट्विटर किती गेले त्याचा हिशोबच नाही. दुकानदार म्हणतो चुंबक उतरलंय, म्हणजे कमजोर झालंय, स्पीकर बदला. चुंबक खरंच उतरतं का, मोठा ॲम्प्लिफायर घ्यावा का, आणि मुळात स्पीकर गाण्या-वाजवण्याचं काय करतो?

आधी चुंबकाचं. तुमच्या बॉक्समध्ये काळं, चकतीसारखं फेराइट चुंबक असणार. ते रोजच्या वापराने कायमचं उतरत नाही. ते बिघडायला स्पीकर आपटून चकती तडकावी लागते, लोखंडी प्लेट सरकावी लागते, नाहीतर कोणीतरी स्क्रू काढून चुंबकाचा सांगाडा सुटा करावा लागतो. शेवटचं सगळ्यात वाईट. जोडलेल्या अवस्थेत चुंबकीकरण केलेला सांगाडा उघडून पुन्हा बसवला की क्षेत्र पूर्वीइतकं राहीलच असं नाही, आणि गॅप, म्हणजे कॉइल जिच्यात हलते ती फट, मध्यावर आणणं तर घरी जवळपास अशक्यच. तुमच्या तिन्ही तक्रारी वेगळ्या वाटतात, पण साखळी एकच आहे: शब्द कळत नाहीत म्हणून व्हॉल्यूम वाढतो, कॉइल तापते, तापल्यामुळे आवाज बसतो, म्हणून व्हॉल्यूम आणखी वाढतो, ॲम्प्लिफायर क्लिप होतो, म्हणजे लाटेचा माथा छाटतो, आणि ट्विटर जातो. ही साखळी पहिल्या कडीला तोडायची आहे, म्हणून आत काय चालतं ते नीट बघू.

१२ इंची स्पीकर मागून पाहिला तर तळाला लोखंडी प्लेट असते, तिच्यातून मधोमध लोखंडी खांब वर येतो, त्याभोवती फेराइटची चकती आणि तिच्यावर भोक असलेली वरची प्लेट. चुंबकाचं क्षेत्र लोखंडातून फिरून शेवटी खांब आणि वरची प्लेट यांच्यातल्या एक-दीड मिलिमीटरच्या गोल फटीत एकवटतं. हाच गॅप. त्यात सुमारे १ टेस्ला क्षेत्र असतं, म्हणजे आपल्याकडच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या वीस-पंचवीस हजार पट. या फटीत भिंतीला न टेकता तांब्याच्या बारीक तारेची कॉइल लटकत असते. वरून तिला कागदी कोन चिकटवलेला असतो, ज्याला आपल्याकडे सरळ 'पेपर' म्हणतात, आणि खालून पिवळसर नालीदार कापडाचा स्पायडर तिला मध्यावर धरून ठेवतो.

करंट गेला की क्षेत्रातल्या तारेवर बल येतं. बल म्हणजे क्षेत्र गुणिले गॅपमधल्या तारेची लांबी गुणिले करंट. पहिल्या दोहोंच्या गुणाकाराला बीएल म्हणतात. चांगल्या १२ इंची स्पीकरचा बीएल १४ च्या आसपास धरा. ८ ओहमला १२५ वॅट म्हणजे जवळपास ४ अँपिअर, म्हणून बल ५६ न्यूटन, साडेपाच किलोच्या वजनाइतकं. हलणारा पेपर-कॉइलचा भाग मात्र ५० ग्रॅमचा. करंटची दिशा बदलली की बलाची दिशा बदलते, आणि पखवाजाच्या थापेपासून टाळाच्या किणकिणीपर्यंत सगळं या एकाच ढकल-ओढीतून बाहेर येतं.

दिशा तपासायला दीड व्होल्टचा सेल पुरतो. धन टोक लाल टर्मिनलला, ऋण काळ्याला, क्षणभरच टेकवा. पेपर बाहेर आला तर पोलॅरिटी बरोबर. तुमच्या दोन्ही बॉक्सचं हे आजच करून बघा, वायरसकट, ॲम्प्लिफायरच्या टोकाकडून. एक बॉक्स उलटा जोडलेला असेल तर एक पेपर बाहेर ढकलताना दुसरा आत ओढतो. मधे बसलेल्यांना बेस गायब आणि गायकाचा आवाज पोकळ, कुठून येतोय तेच कळेनासा होतो. हा दोष फुकटात दुरुस्त होतो आणि आश्चर्य वाटेल इतक्या ठिकाणी सापडतो.

आता दुसरी बाजू, जिच्याकडे दुकानात कोणी बघत नाही. क्षेत्रात हलणारी तार स्वतः व्होल्टेज तयार करते, म्हणजे स्पीकर मोटर आहे तसा जनरेटरही आहे. बॉक्सची वायर सोडवा, पेपरच्या मध्याभोवती चारी बोटं समान टेकवून हलकेच दाबा. पेपर सहज आत जातो, सोडला की दोन-तीनदा हलून थांबतो. मग लाल आणि काळं टर्मिनल तांब्याच्या तुकड्याने जोडा आणि पुन्हा दाबा. या वेळी पेपर चिखलात रुतल्यासारखा जड लागतो. तुमच्या दाबण्याने तयार झालेला करंट कॉइलमध्येच फिरतो आणि तोच हालचालीला विरोध करतो. पेपर सेकंदाला १ मीटर वेगाने हलला तर बीएल १४ असताना १४ व्होल्ट उलटे तयार होतात. वाजत असताना हा करंट ॲम्प्लिफायरमधून फिरतो, कारण चांगला ॲम्प्लिफायर स्पीकरला जवळपास शॉर्टसारखाच दिसतो. पखवाजाची थाप संपल्यावर पेपरला थांबवणारा ब्रेक तो हाच.

उद्यमनगरात मोटर भरणाऱ्या कोणालाही विचारा, मोटर अडकली की का जळते. फिरत नाही म्हणजे उलटं व्होल्टेज नाही, म्हणजे करंट अडवायला फक्त तारेचा रेझिस्टन्स उरतो. स्पीकरचंही तेच. रेझोनन्सला, म्हणजे पेपर ज्या सुराला आपसूक सगळ्यात जास्त झुलतो तिथे, साधारण ५०–६० हर्ट्झला, पेपर जोरात हलतो, उलटं व्होल्टेज मोठं असतं, आणि '८ ओहमचा' स्पीकर ४०–५० ओहमसुद्धा दाखवतो. २००–३०० हर्ट्झला तोच साडेसहा-सात ओहमवर येतो, आणि वर कॉइलच्या इंडक्टन्समुळे पुन्हा चढतो. मल्टिमीटरवर ५.८ ओहम दिसले तर स्पीकर बरोबर आहे. ८ हा आकडा नुसता नावापुरता.

पखवाज का घुमतो

तुमची वायर किती जाडीची आहे ते लिहिलेलं नाही, पण बहुतेक ठिकाणी लाल-काळी बारीक फ्लेक्स असते, ०.७५ चौरस मिलिमीटर तांब्याची. २० मीटर जाऊन २० मीटर परत, म्हणजे ४० मीटर तांबं, सुमारे १ ओहम. दोन ८ ओहमचे बॉक्स समांतर म्हणजे ४ ओहम. व्होल्टेजचा पाचवा हिस्सा वायरीतच राहतो, जवळपास २ डेसिबल. ते एक वेळ चालून जाईल, पण ब्रेकच्या वाटेत हा जादाचा ओहम बसतो ते महाग पडतं. दोन कॉइल समांतर म्हणजे २.९ ओहम, त्यात १ मिळवला की ब्रेकच्या वाटेतला रेझिस्टन्स तिसऱ्या हिश्शाने वाढतो. थाप संपली तरी पेपर झुलत राहतो आणि 'धा' आणि पुढचा 'ति' यांच्यातली मोकळी जागा भरून जाते. जाहिरातीत ॲम्प्लिफायरचा डॅम्पिंग फॅक्टर, म्हणजे या ब्रेकच्या जोराचा आकडा, ५०० छापतात, त्याला फारसा अर्थ नाही. कॉइलचे ५.८ ओहम त्या वाटेत असतातच, आणि ते कोणी काढू शकत नाही. वायर मात्र बदलता येते. २.५ चौरस मिलिमीटर घ्या, तीच ४० मीटर ०.३ ओहमवर येते. प्रत्येक बॉक्सला ॲम्प्लिफायरपासून वेगळी वायर ओढलीत तर आणखी उत्तम.

घुमण्यात हॉलचा वाटाही मोठा आहे. ३० फूट लांबीच्या खोलीत पहिली उभी लहर, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमध्ये घुमत राहणारा सूर, सुमारे १९ हर्ट्झला बसते, मग ३८, ५७, ७६. १५ फूट रुंदीत ३८ आणि ७६. लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पट असल्यामुळे दोन्ही दिशांच्या लहरी ३८ आणि ७६ हर्ट्झवर एकत्र येतात. पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा मूळ नाद शंभरच्या खालीच असतो, म्हणजे थेट त्या पट्ट्यात. त्यात बॉक्स कोपऱ्यात ठेवलेले असतील तर दोन भिंती आणि फरशी मिळून खालचा आवाज आणखी फुगवतात. बॉक्स कोपऱ्यातून किमान तीन-चार फूट बाहेर काढा, स्टँडवर चढवून ट्विटर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या थोडा वर येईल असा ठेवा, आणि किंचित खाली, ऐकणाऱ्यांकडे वळवा. मागच्या भिंतीवर जाड सतरंज्या किंवा पडदे टांगले तर वरचे प्रतिध्वनी कमी होतात. खालच्या ७६ हर्ट्झला सतरंजी काहीही करत नाही, त्यासाठी जागा बदलणं आणि इक्वलायझरवर त्याच पट्ट्यात तीन-चार डेसिबल कापणं हाच उपाय.

माईकचंही बघा. गाण्याचा माईक ओठांना चिकटवून धरला की त्याच्या रचनेमुळेच खालचे सूर फुगतात. मिक्सरवर गाण्याच्या प्रत्येक माईकचं लो-कट बटण दाबलेलं असू द्या, साधारण ८० ते १०० हर्ट्झचं असतं. त्याने शब्दांचं काही जात नाही. पखवाजाला मात्र ते लावू नका, त्याऐवजी माईक डाव्या पुडीपासून हातभर दूर आणि उजव्या पुडीकडे वळवून ठेवा. हार्मोनियमला वेगळा माईक बहुतेक लागतच नाही, तो गायकाच्या माईकमधून पुरेसा येतो. टाळांना तर कधीच माईक देऊ नका.

शब्द कुठे जातात

शब्द कळण्यात 'स', 'श', 'च', 'ट' यांसारख्या व्यंजनांचा वाटा फार मोठा, आणि त्यांचा जोर साधारण २ ते ८ किलोहर्ट्झमध्ये. १२ इंची पेपरचा हलणारा व्यास २६ सेंटिमीटरच्या आसपास. दीड किलोहर्ट्झच्या वर ध्वनीची लांबी त्या व्यासापेक्षा लहान होते आणि आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोरच निघतो. तुमच्या ट्विटरचं क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे सूर मोठ्या स्पीकरला आणि वरचे ट्विटरला वाटून देणारी जोडणी, ३ किलोहर्ट्झला असेल, तर दीड ते तीनच्या पट्ट्यात बाजूला बसलेल्यांना १२ इंची स्पीकर अर्धवटच ऐकू येतो आणि ट्विटर अजून सुरू झालेला नसतो. समोरच्या ओळीला शब्द स्पष्ट, खांबाजवळच्याला गुळमुळीत. बॉक्स वळवण्याला म्हणून इतकं महत्त्व.

आणि ट्विटरच मेलेला असेल तर? मंडळांच्या बॉक्समध्ये निम्म्या वेळा हेच निघतं, कोणाला पत्ताही नसतो, कारण पखवाज दणक्यात वाजत असतो. ट्विटरची वायर सोडवून मल्टिमीटर लावा, ८ ओहमच्या ट्विटरला साडेपाच ते सात ओहम दिसायला हवेत. एकच अपवाद म्हणजे पीझो ट्विटर. त्यात कॉइलच नसते, चुंबकही नसतं, मीटर त्यावर काही दाखवत नाही, म्हणून तो मेला असं समजू नका.

आवाज का बसतो

तुमच्या प्रश्नाचं खरं मर्म इथे आहे. १ वॅटला १ मीटरवर ९२ डेसिबल देणारा स्पीकर चांगलाच म्हणायचा, पण त्याचा अर्थ इतकाच की दिलेल्या विजेच्या एक टक्क्याचा ध्वनी होतो. उरलेल्या ९९ टक्क्यांची उष्णता, आणि ती जवळजवळ सगळी त्या बारीक कॉइलमध्ये. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. खोलीच्या ३० अंशांना ५.८ ओहम असलेली कॉइल २०० अंशांना साडेनऊ ओहमची होते. ॲम्प्लिफायर तेवढंच व्होल्टेज देतोय, पण करंट सहा दशांशावर आला, बलही तितकंच घटलं, आवाज ४ डेसिबलपेक्षा जास्त उतरला. शिवाय रेझिस्टन्स वाढल्यामुळे मघाचा ब्रेकही सैल होतो. म्हणून तासाभराने आवाज नुसता कमी होत नाही, जास्त घुमूही लागतो.

कॉइल काही सेकंदांत तापते आणि काही सेकंदांतच निवते. तिच्याभोवतीचं लोखंड आणि चुंबक मात्र सावकाश तापतात, अर्ध्या-पाऊण तासाने. ते गरम झाल्यावर कॉइलची उष्णता जायला जागाच राहत नाही. फेराइटचं क्षेत्रही दर अंशाला सुमारे ०.२ टक्के घटतं, चुंबक ४० अंशांनी तापलं तर सात-आठ टक्के. दुकानदाराच्या 'चुंबक उतरलं' मध्ये खरं असेल तर एवढंच, आणि सकाळपर्यंत ते आपोआप परत येतं. निओडिमियमच्या हलक्या स्पीकरांचं वेगळं. त्यांचं चुंबक ठरावीक तापमानापलीकडे गेलं की कायमचं कमजोर होतं, साध्या प्रतीचं तर ८० अंशांपुढेच. नवे हलके बॉक्स घ्यायचा विचार असेल तर हे ध्यानात ठेवा.

याच कारणाने मोठा ॲम्प्लिफायर हे उत्तर नाही. २५० चे ५०० वॅट केले तर ३ डेसिबल मिळतात, आणि तापलेल्या कॉइलवर तेही पुरे मिळत नाहीत. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट पॉवर लागते. त्यापेक्षा ९२ ऐवजी ९७ डेसिबलचा स्पीकर घेणं म्हणजे तिपटीहून जास्त पॉवर फुकट मिळाल्यासारखं. तुमच्या हॉलला भजनासाठी सरासरी पाच-दहा वॅट खरं तर पुरे आहेत. थापांच्या क्षणिक टोकांसाठी २५० वॅट भरपूर.

मग कॉइल जळते कशाने

जळालेली कॉइल फेकू नका, ती वाचता येते. पेपर कापून बाहेर काढा. सगळी तार सारखी काळी पडली असेल, लॅकर करपलेला असेल, तर दीर्घकाळ जास्त पॉवर किंवा क्लिपिंग. एकच टोक जास्त काळं असेल तर डीसीचा, म्हणजे एकाच दिशेने सतत वाहणाऱ्या करंटचा, संशय घ्या. ॲम्प्लिफायरचा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की सप्लायचे ४५ व्होल्ट सरळ कॉइलवर येतात. ४५ व्होल्ट ५.८ ओहमला म्हणजे साडेतीनशे वॅट, पेपर एका बाजूला ढकलून स्थिर, हवा हलत नाही, कॉइलचा गॅपबाहेर गेलेला भाग लोखंडाला उष्णता देऊ शकत नाही. अशा वेळी नवी कॉइल टाकून तोच ॲम्प्लिफायर जोडला तर तीही मिनिटभरात जाते. स्पीकर न जोडता ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवर डीसी मोजा, ५० मिलिव्होल्टच्या आत हवं. एका बाजूला तार घासून चकाकली असेल तर कॉइल मध्यावर नव्हती. कॉइलच्या फॉर्मरची, म्हणजे ती जिच्यावर गुंडाळतात त्या नळीची, खालची कड चेपलेली असेल तर ती मागच्या प्लेटवर आपटत होती, म्हणजे बेस झेपेल त्यापेक्षा जास्त होता. आणि कॉइल अगदी नवीसारखी असूनही मीटर काही दाखवत नसेल, तर पेपरवरून टर्मिनलला येणारी विणलेली लवचिक तार तुटलेली असते. कॉइल बदलण्याआधी तिच्याकडे बघा, टाका मारून काम होतं.

ट्विटर बहुधा दोन गोष्टींनी मरतात. एक, क्लिपिंग. ॲम्प्लिफायर त्याच्या व्होल्टेजपलीकडे जाऊ शकत नाही, तो लाटेचा माथा छाटतो. पुरता छाटून चौकोनी केला तर २५० वॅटचाच ॲम्प्लिफायर ५०० वॅट देतो, आणि छाटण्यातून नवे वरचे सूर तयार होतात, जे थेट ट्विटरकडे जातात. ट्विटरवर ५० वॅट छापलेलं असलं तरी त्याची कॉइल सतत पाच-दहा वॅटच सोसते, कारण साध्या गाण्यात वरचे सूर थोडेच असतात. भजनात मात्र दहा जोड्या टाळ असतात आणि ते प्रत्येक गाण्याच्या माईकमध्ये शिरतात. दोन, शिट्टी. फीडबॅकची शिट्टी म्हणजे दोन-तीन किलोहर्ट्झचा एकच सूर, पुऱ्या पॉवरने, न थांबता. पाच सेकंद चालली तरी ट्विटरसाठी पुरेशी. माईक बॉक्सच्या पुढे न जाऊ देणं हा उपाय सगळ्यांना माहीत आहे, पाळत कोणी नाही.

बॉक्स उघडून ट्विटरच्या मागे काय आहे बघा. स्वस्त बॉक्समध्ये एकटा कपॅसिटर असतो. ८ ओहमला ३ किलोहर्ट्झसाठी तो ६.८ मायक्रोफॅरडचा हवा. एकटा कपॅसिटर ऑक्टेव्हला, म्हणजे दर सप्तकाला, ६ डेसिबलच कापतो, आणि तेवढ्याच आवाजासाठी फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की पेपरला चौपट हलावं लागतं, म्हणून ट्विटर खालच्या सुरांना धडपडतच राहतो. ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ०.६ मिलिहेन्रीची वेगळी कॉइल (इंडक्टर), ही कॉइल ट्विटरला समांतर, एवढं केलं की सप्तकाला १२ डेसिबल कापले जातात आणि ट्विटरचं आयुष्य चांगलंच वाढतं. १२ इंचीलाही तशीच कपॅसिटर-कॉइलची १२ डेसिबलची जाळी असेल तर ट्विटरची पोलॅरिटी मुद्दाम उलटी असते, ती चूक समजून सुलटी करू नका. कपॅसिटर नॉन-पोलर आणि किमान १०० व्होल्टचा घ्या, शक्यतो पॉलिप्रॉपिलीनचा. सुकलेला इलेक्ट्रोलिटिक हे मंद ट्विटरचं आणखी एक नेहमीचं कारण.

कॉइल पुन्हा टाकताना सगळं काम गॅपभोवती फिरतं. जुना पेपर-स्पायडर काढला की आधी गॅपवर चिकटपट्टी लावून मगच कडेचा जुना गोंद खरवडा. गॅप साफ करायला मास्किंग टेपची पट्टी दुहेरी दुमडून आत फिरवा, फुंकर मारू नका. लेथजवळच्या दुकानात हे काम होत असेल तर लोखंडाचा बारीक कीस हवेतच असतो, चुंबक तो ओढून घेतं आणि पुढे महिनाभर खर्र असा आवाज येत राहतो. नवी कॉइल खांबावर बसवताना चारी बाजूंनी जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या घाला, कॉइल मध्यावर घट्ट बसते. उंची मोजा: वरची प्लेट ८ मिलिमीटर आणि गुंडाळी १६ मिलिमीटर असेल तर गॅपच्या वर ४ आणि खाली ४ उरायला हवी. हे चुकलं की एका बाजूला बल आधी संपतं आणि खालचे सूर फाटके येतात. कॉइल पेपरला आणि स्पायडरला दोन भागांच्या इपॉक्सीने, स्पायडर चौकटीला आणि पेपरची कड रबर ॲडहेसिव्हने. २४ तास हलवू नका. मग फिल्म काढा, ३० हर्ट्झचा सूर हळू व्हॉल्यूमला द्या, कान जवळ नेऊन घासल्याचा आवाज येतो का ऐका, आणि शेवटी डस्ट कॅप, म्हणजे पेपरच्या मधली गोल टोपी, चिकटवा. कॅप आधी लावली तर पट्ट्या निघणारच नाहीत. घाईत हे होतं.

गाण्यावर काय परिणाम होतो

संगीत नाटकांतले गायक-नट केशवराव भोसले १९२१ मध्ये गेले. आजच्या रूपाचा, चुंबकात हलणाऱ्या कॉइलचा स्पीकर राइस आणि केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडला. म्हणजे ज्यांच्या नावाने कोल्हापूरचं नाट्यगृह ओळखलं जातं, त्यांचं सगळं गाणं शेवटच्या रांगेपर्यंत गळ्याच्याच जोरावर पोचलं. उंच पट्टी, मोकळा आकार, ठाशीव उच्चार या त्या काळच्या गरजाही होत्या. कॉइल आणि माईक आल्यावर खालच्या पट्टीत, कुजबुजीइतक्या हळू सुरात गाता येऊ लागलं, तानपुरा मागच्या खुर्चीपर्यंत जाऊ लागला. हा फायदा खरा आहे. पण त्याबरोबर गायक स्वतःच्या गळ्याऐवजी मॉनिटर, म्हणजे त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला बॉक्स, ऐकून आवाज ठरवू लागला, आणि मॉनिटर घुमत असेल तर चांगल्या गायकाचाही सूर डगमगतो.

काळी एक पट्टीच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झचा. जत्रेतला भोंगा तीनशेच्या खाली फारसं काही देत नाही, तरी आपल्याला खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण कान वरच्या सुरांच्या अंतरावरून मूळ सूर जोडून घेतो. तबला आणि पखवाजाचंही असंच. शाईमुळे उजव्या पुडीचे वरचे सूर मूळ सुराच्या पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवलं, आणि म्हणूनच तिला पट्टी असते. गॅपबाहेर जाणारी कॉइल किंवा क्लिप होणारा ॲम्प्लिफायर त्यात स्वतःचे जादा सूर मिसळतो. शिवाय पेपर खर्जासाठी मोठा हलताना त्याच पेपरवर गायकाचा आवाजही स्वार असतो. डावी घुमली की कॉइल गॅपच्या कडेला जाते, तेवढा वेळ बल घटतं, आणि गायकाचा सूर पखवाजाच्या ठेक्यावर थरथरतो. विसर्जनाच्या डॉल्बीत बेसला १८ इंची बॉक्स वेगळे आणि टॉप, म्हणजे वरच्या सुरांचे बॉक्स, वेगळे ठेवतात ते याचसाठी, जरी तिथला आवाज संगीताच्या हद्दीपलीकडे गेलेला असतो. तुम्हाला हॉलमध्ये बेस बॉक्सची गरज नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे हेही विसरू नका. पत्र्याच्या छतातून खालचे सूर अडत नाहीत.

खर्च कसा करायचा? पहिल्या दिवशी सेलने पोलॅरिटी, मीटरने दोन्ही ट्विटर, आउटपुटचं डीसी. मग २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि स्टँड. त्यानंतर ट्विटरचं क्रॉसओव्हर. मिक्सरवर क्लिपचा लाल दिवा थापेला क्षणभर लुकलुकला तर चालेल, अभंगभर पेटलेला दिसला तर मास्टर खाली. ॲम्प्लिफायर सगळ्यात शेवटी सुरू करा आणि सगळ्यात आधी बंद करा, नाहीतर मिक्सरचा ठोका दर वेळी कॉइलला बसतो. हे सगळं करूनही मागच्या रांगेला शब्द कमी पडले, तर मोठा ॲम्प्लिफायर न घेता हॉलच्या मध्यावर दोन छोटे बॉक्स लावा, पण दोन वेगळ्या चॅनलवर. एकाच टर्मिनलवर चार ८ ओहमचे बॉक्स म्हणजे २ ओहम, आणि बहुतेक ॲम्प्लिफायर ते सोसत नाहीत. पावसाळ्यात बॉक्स भिंतीला टेकवून किंवा फरशीवर आडवे ठेवू नका. कागद ओल धरतो, आडव्या स्पीकरचा स्पायडर पेपरच्या वजनाने खाली बसतो आणि गॅपमध्ये गंज चढतो. लाकडी फळीवर उभे ठेवा आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास हळू वाजवा, कॉइलच्या उबेने आतली ओल निघून जाते.